उंदेरीवरच्या तीन हाका

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, मेव्हण्याला नाही, खंडोबापुढं हात जोडून उभा राहिलो तेव्हा त्यालाही नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, ती आता नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ वळत नाही, हे मी सहा वर्षं करून बघितलंय. मी चौथी शिकलेला माणूस आहे. अक्षर वाकडं आहे. पण माझ्याच हाताचं आहे, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही.

आगरदांड्याच्या जेटीपासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर. गावात मला धाकू तांडेल म्हणतात. तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या. होडी कधी निघणार, कुठं जाळं पडणार, कधी परतायचं, हे तो सांगतो आणि बाकीचे ऐकतात. चौतीस वर्षं माणसांनी माझं ऐकलं. एकदाही मी होडी खडकावर चढवली नाही. ही फुशारकी नव्हे, विचारा कुणालाही — म्हणजे, त्या दिवसापर्यंतचं विचारा.

पाणी कसं मोजतात, ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. समुद्र तिथीवर चालतो. आजची तिथी धरायची आणि तिची पाऊणकी करायची. आलं ते भरतीचं घड्याळ. दशमी असेल तर दहा पाऊणे साडेसात, म्हणजे साडेसातला पाणी पूर्ण भरणार. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. दहा-पंधरा मिनिटं इकडंतिकडं, पण त्याहून जास्त नाही. शाळा सुटली, पाऊणकी सुटली नाही. बापानं होडीवर पाठ करून घेतली होती. चुकलो की वल्ह्याचा दांडा पाठीत.

आमच्या हिचं नाव सखू. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती, तेव्हा गेली. गेल्या श्रावणात. मुरुडच्या बाजारात ती मासे विकायची. डोक्यावर पाटी, तोंडात पान, आणि गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला तर असं काही बोलायची की मागणारा हसत हसत दोन वाटे जास्त घेऊन जायचा. एकच गोष्ट तिला खपत नसे, खोटं बोलणं. शिळ्या माशाला ताजा म्हणणाऱ्या बायकांशी तिनं भर बाजारात भांडणं केलीत. मुलगा लहानपणी एकदा परीक्षेच्या मार्कांबद्दल खोटं बोलला. तर दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. नुसती बोलली नाही. पोरगा तिसऱ्या दिवशी रडत तिच्या पायाशी येऊन बसला.

आता कळतंय का तुम्हाला, मी सहा वर्षं का गप्प बसलो?

सहा वर्षांपूर्वी आमच्या हायस्कुलात एक योजना आली. परदेशातली मुलं तीन महिने इकडं शिकायला येणार आणि गावातल्या घरांत राहणार. हिनं मला न विचारता नाव दिलं. म्हणाली, ‘पोरगा पनवेलला जाऊन बसला, घर भुतासारखं खायला उठतंय. येऊ दे की येक पोर.’ मी म्हटलं, ‘गोऱ्या पोरीला काय घालणार जेवायला?’ तर म्हणाली, ‘तुमाला घालतेय तेच. तुमी मेलात काय?’

आली ती लीना. सतरा वर्षांची, नॉर्वे देशातली. नाव आपल्यातलंच निघालं म्हणून ही खूश. पोरगी त्या देशाच्या पार वरच्या अंगाला असलेल्या एका बेटावरची होती आणि तिचा बाप मासेमारीच करायचा. पहिल्याच दिवशी तिनं विळीवर बसून बघितलं, जमेना. मग आपल्या पिशवीतून एक लांब पातळ सुरी काढली आणि दोन मिनिटांत बोयटाचे काटे काढून नुसतं मांस वेगळं केलं. ही बघतच राहिली. मग हसून हसून डोळ्यांत पाणी. ‘अग बाय, काटे टाकलेस तर चव कुठली लागणार! तुझ्या आयशीनं हेच शिकवलं काय?’ लीनाला ओ की ठो कळलं नाही, पण तीपण हसली. त्या दिवसापासून ती हिला आई म्हणायला लागली. मला बाबा.

खरं सांगायचं तर — हिच्याइतका मी खूश नव्हतो. का? सांगतो. दुसऱ्या दिवशी जेटीवर मी होडी बांधत होतो. पोरीनं न विचारता दुसऱ्या टोकाचा दोर घेतला आणि अशी गाठ मारली की मी तिला नाव ठेवू शकलो नाही. चार माणसं बघत होती. एक म्हणाला, ‘धाकूदा, तांडेल आली बघ नवी.’ सगळे हसले, मीही हसलो. पण ते कुठंतरी रुतून बसलं. एवढंसंच होतं ते. एवढ्याशाला माणसानं धरून बसावं का? मी बसलो.

मार्गशीर्षात ही म्हणाली, पोरीला माझं माहेर दाखवू. हिचं माहेर थळ. आमच्याकडून वर, अलिबागच्या पलीकडं. थळच्या समोर समुद्रात दोन बेटं आहेत, खांदेरी आणि उंदेरी. दोन्हीवर जुने किल्ले. खांदेरीवर वेताळाचं ठाणं आहे आणि तिथं धक्का आहे, होडी लावायला त्रास नाही. उंदेरी वेगळी. सगळीकडून खडप, म्हणजे पाण्यातले खडक. कातळात एक फट आहे, तीत भरतीच्या पाण्यावर होडी घालायची आणि पाणी उतरायच्या आत काढायची. वेळ चुकली की होडी कातळावर बसते.

शाळेतले मास्तर आमच्याबरोबर निघाले. ही योजना तेच बघायचे. परदेशी पोर पाण्यावर न्यायची तर जबाबदारी त्यांची. भला माणूस, पण पाण्याला घाबरायचा. थळला मेव्हण्याच्या घरी मुक्काम केला. मेव्हणा नारायण, हिचा धाकटा भाऊ. त्याची होडी. सकाळी त्याला कुणाच्या तरी हळदीला जायचं होतं. तो म्हणाला, ‘दाजी, आज खांदेरी करा नि परत या. उंदेरीला उद्या मी नेतो.’

मला उंदेरीला नेणार? मला? सासुरवाडीच्या ओट्यावर, मास्तरादेखत? मी म्हटलं, ‘नारायणा, तू लंगोट नेसायचास तेव्हापासनं मी होड्या घालतोय. दोन्ही बेटं आजच होतील.’

आता चूक कुठं झाली ते ऐका. माझ्यासारखाच माणूस ती करू शकतो. दुसऱ्याला जमायची नाही.

आदल्या दिवशी हिची संकष्टी होती. रात्री चंद्र बघून तिनं उपास सोडला, मी शेजारीच होतो. काल संकष्टी म्हणजे काल चतुर्थी. म्हणजे आज पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला पाणी भरणार, पाचपर्यंत होडी फटीत तरंगणार. झाला माझा हिशोब. चहा पिता पिता झाला.

पण संकष्टी धरतात ती चंद्र उगवताना चतुर्थी असते म्हणून. कितीकदा ती चतुर्थी संध्याकाळी लागते आणि दुसऱ्या दिवशी दुपार ओलांडेपर्यंत चालते. तसंच होतं. उपास काल झाला, चतुर्थी आज होती. चार पाऊणे तीन. पाणी माझ्या हिशोबापेक्षा पाऊण तास आधी येऊन आधी जाणार होतं. हे मला माहीत नव्हतं का? न कळायला काय झालं! म्हणून तर कुठलाही तांडेल संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी कॅलेंडर बघतो. कॅलेंडर नारायणाच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर टांगलेलं होतं. ही निघताना म्हणालीसुद्धा, ‘अवो, येकदा बघा की.’ मी म्हटलं, ‘तुझ्या उपासापेक्षा कॅलेंडर खरं काय?’  मास्तर हसले.

आणि लीनानं फोन पुढं केला. त्यात पाण्याच्या वेळा दिसतात म्हणे. तिनं तीन बोटं दाखवली. ‘बाबा, पाणी तीन.’ मी फोन न बघता तिच्या हातात परत ढकलला आणि मास्तरांना म्हणालो, ‘समुद्र हिच्या मोबाईलमध्ये रिचार्ज करून घेतलाय काय?’ पुन्हा सगळे हसले. मास्तरांनी तिला इंग्रजीत काहीतरी समजावलं, बहुतेक हे की बाबांचा अनुभव मोठा आहे. तिनं मान हलवली आणि फोन खिशात घातला. ती पोर उलट बोलणारी नव्हती.

खांदेरीला वेताळाला नारळ दिला. पोरीनं आपल्या हातानं फोडला, एका घावात. हिनं खोबऱ्याचा तुकडा तिच्या तोंडात घातला. अडीचला आम्ही उंदेरीला पोचलो. होडी मी फटीत अशी घातली की मास्तर म्हणाले, ‘वा, तांडेल!’ मी सांगितलं, सावकाश बघा, निघायच्या वेळी बोलावतो. ही आणि मास्तर तोफा बघायला वर गेले. लीनाही त्यांच्याबरोबर गेली.

मी होडीपाशी बसून राहिलो. डबा उघडला. ऊन छान होतं. आता लपवायचं नाही म्हणून सांगतो, मी त्या वेळी फार सुखात होतो. सासुरवाडीत मान राहिला होता. पोरीचा फोन खोटा ठरणार होता.

चार वाजता लीना एकटीच खाली आली. होडीजवळच्या कातळावर माझ्या शेजारी बसली. थोड्या वेळानं तिनं समोर बोट दाखवलं. पाण्याच्या वर कातळावर ओला पट्टा होता. वीतभर नव्हे, हातभर. म्हणजे पाणी भरून कधीच मागं वळलं होतं. ‘बाबा, पाणी जातंय,’ ती म्हणाली.

तो पट्टा मला दिसला. ऐका नीट. दिसला. चौतीस वर्षं ज्यानं पाणी बघितलं त्याला ओला कातळ दिसत नाही काय? त्याच वेळी मी उठून वरच्यांना बोलावलं असतं तर सगळे दहा मिनिटांत होडीत असते, आणि हे लिहायची पाळी आली नसती. पण उठलो असतो तर फोन खरा ठरला असता. मी म्हणालो, ‘लाटांनी भिजलंय ते. तुझ्या देशात तसं, इथं असं.’ तिनं माझ्याकडं बघितलं. मग बसून राहिली. तिथंच, माझ्या शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन. पाण्याकडं बघत.

साडेचार वाजायच्या सुमारास होडीच्या बुडाखाली खर्र असं वाजलं.

मग मी उडी मारली, तीही माझ्याबरोबर पाण्यात. दोघांनी जीव खाऊन ढकललं. हलेना. मी तिला हातानं खूण केली, वर जा, त्यांना आण. ती धावत वर गेली, पण ही आणि मास्तर दुसऱ्या वाटेनं आपणहून आधीच खाली पोचले; त्यांच्या मागून ती धावत आली. तिला दम लागला होता. ‘बोट, बोट,’ एवढंच म्हणत होती. ती वरून धावत आली, एवढंच आमच्या हिनं पाहिलं. हे लक्षात ठेवा.

ही बघता बघता कासोटा खोचून पाण्यात उतरली. मी नको म्हटलं नाही. का म्हणेन? मला माणसं हवी होती. चौघांनी मिळून होडी हलवली. लाट आली, होडी कलंडली, आणि हिचा पाय कालवांनी भरलेल्या कातळावरून घसरून होडी आणि खडप यांच्या मधे गेला. ती ओरडली नाही. ‘आई ग,’ एवढंच म्हणाली, हळू, कुणी चिमटा काढावा तसं.

बाहेरून थळची एक होडी चालली होती. त्यांनी दोर टाकून आम्हाला ओढून काढलं. किनाऱ्याला येईपर्यंत लीनानं हिचा पाय आपल्या मांडीवर घेतला होता. वल्ह्याचा तुकडा लावून, आपल्या गळ्यातल्या रुमालानं बांधला होता. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी सुकाणूवर होतो. मागं वळून बघत नव्हतो.

थळच्या वाळूवर माणसं जमली होती. नारायण हळदीच्या कपड्यांतच धावत आला. बहिणीला उचलून घेतलं, वाळूवर ठेवलं आणि माझ्याकडं वळून म्हणाला, ‘दाजी, पाणी चुकलं काय?’

पंधरा-वीस माणसं होती. सगळी पाण्यावरची. त्या एका प्रश्नाचा अर्थ काय, ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

मी म्हणालो, ‘पाणी कसं चुकंल? चारलाच निघणार होतो. पोरगी कुठं दिसेना. तीन हाका मारल्या, आली नाय. तिला सोडून कसा निघू?’

शब्द तोंडातून असे आले, जसे आधीच तिथं ठेवलेले होते.

मास्तरांनी लीनाला इंग्रजीत विचारलं. ती माझ्याकडं बघत होती. रागानं नव्हे. वाट बघत होती. तिला वाटत होतं मी काहीतरी चुकीचं बोललो, आता नीट सांगेन. मग ती मराठीत म्हणाली, ‘नाही.’ एवढंच. मास्तर म्हणाले, ‘तांडेल, ही नाही म्हणतेय. म्हणते, मी होडीपाशीच होते.’

तेव्हा मी जे केलं, ते सांगायला सहा वर्षं लागली. खोटं बोलणं ही लहान गोष्ट होती. मी पुढं झालो, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, ‘लेकरू हाय. घाबरलंय. सोडा, मास्तर. मी माफ केलं तिला.’

मी तिला माफ केलं! माझ्या चुकीबद्दल! लोक म्हणाले, माणूस मोठ्या मनाचा आहे. एका म्हातारीनं तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. आणि माझ्या हाताखाली पोरीचं डोकं — ते थरथरत होतं का? नव्हतं. ते एकदम गच्च झालं होतं, दगडासारखं.

अलिबागला हिच्या पायाला प्लॅस्टर घातलं. दुसऱ्या दिवशी लीना संत्री घेऊन भेटायला आली. खाटेजवळ उभी राहिली, ‘आई,’ म्हणाली. ही म्हणाली, ‘पाय मोडला त्याचं काय न्हाय ग. पण खोटं कशाला बोललीस? माझ्यासमोर वरून धावत आलीस आणि होडीपाशी होते म्हणतेस?’ पोरीला किती कळलं माहीत नाही. ‘खोटं’ हा शब्द तिला ठाऊक होता, हिनंच शिकवला होता. ती माझ्याकडं बघायला लागली.

मी म्हणालो, ‘चहा घेऊन येतो.’ आणि बाहेर गेलो. खाली टपरीवर उभा राहून दोन चहा प्यालो, एकामागून एक. परत आलो तेव्हा संत्री खाटेवर होती आणि पोरगी गेली होती.

मास्तरांनी तिला श्रीवर्धनला दुसऱ्या घरी ठेवलं, एका सुपारीच्या वाडीवाल्यांकडं. त्यांनी कागदावर काय लिहिलं असेल ते असेल. मी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठं होतं? तिचे कपडे न्यायला माणूस आला, तेव्हा सुरी आमच्या स्वयंपाकघरातच राहिली. आमची ही रागावली होती, पण सुरी टाकली नाही. रोज त्याच सुरीनं मासे कापायची. काटे मात्र काढायची नाही.

हाड वाकडं जुळलं. पाटी डोक्यावर घेऊन चालणं त्या पायाला झेपेना. मुरुडचा बाजार सुटला. ज्या बाईच्या आवाजानं बाजार हलायचा, ती ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायला लागली. थंडीत पाय दुखायचा. मी तेल गरम करून चोळायचो. चोळताना ती हमखास त्या पोरीचं नाव काढायची. शिव्या नव्हे. ‘सगळं ठीक होतं तिचं, पण येक खोटं बोलली.’ आणि मी चोळत राहायचो. लोक म्हणायचे, धाकू बायकोची किती सेवा करतो. करत होतोच. पण तिला वाटायचं त्या कारणानं नव्हे.

दर दिवाळीला लीनाचा फोन मुलाच्या फोनवर यायचा. ही म्हणायची, ‘सांग तिला, बरी हाय मी.’ फोन कानाला लावायची नाही. मुलगा म्हणायचा, ‘आई, किती वर्षं धरून बसणार?’ ती म्हणायची, ‘तिनं येकदा कबूल केलं ना, तर आत्ता बोलते.’

कबूल कुणी करायचं होतं, ते त्या घरात एकालाच माहीत होतं. आणि तो शेजारी बसून भात कालवत होता.

ही गेल्यावर लीनाचा फोन आला. मुलानं कळवलं होतं. आता ती तिकडं माणसं नेणाऱ्या बोटीवर कामाला आहे म्हणे. मराठी विसरलीय, शोधून शोधून शब्द काढत होती. म्हणाली, ‘बाबा, आईचा पाय दुखला?’ मी म्हणालो, ‘नाही.’  मला वाटलं, आता विचारेल. तिनं विचारलं नाही. ‘बाबा, जेवता ना?’ म्हणाली. तिनं मला अजून बाबा म्हणायचं सोडलेलं नाही. मी हो म्हणालो आणि फोन मुलाच्या हातात दिला.

एवढं सांगून थांबलो असतो तरी तुम्हाला वाटलं असतं, म्हाताऱ्यानं सगळं सांगितलं. अजून एक राहिलंय.

थळच्या वाळूवर मी घाबरलो होतो. पंधरा-वीस माणसं होती, मेव्हणा होता, बायको विव्हळत होती. त्या घाईत माणूस काहीही बोलतो, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगितलंय. पण श्रावणात एका दुपारी घरात कुणी नव्हतं. ही अंथरुणावर होती. आठ दिवस नीट जेवली नव्हती, डॉक्टरनं मुलाला बाजूला घेऊन सांगून झालं होतं. बाहेर पाऊस उघडला होता. मी तिच्या उशाशी बसून पेज भरवत होतो. दोन घास घेऊन तिनं माझा हात बाजूला केला.

म्हणाली, ‘अवो, त्या दिशी वारा होता ना?’

मला लगेच कळलं, कुठला दिवस.

म्हणाली, ‘मी लई इचार केला. वारा होता. खडपात आवाज मरतो. पोर होडीजवळच कातळाआड असंल. तुमी हाका मारल्या असतील, पण पोरीला ऐकूच गेल्या नसतील. मग तिचं ‘नाही’ खोटं कसं? व्हय ना?’

बघा. तिनंच वाट काढून ठेवली होती. मला काही कबूलसुद्धा करायचं नव्हतं. माझा मान, माझी तांडेलकी, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. नुसतं ‘असेल बाय’ म्हणायचं होतं. दोन शब्द. त्या दोन शब्दांनी तिची लेक तिला परत मिळाली असती. मुलाला सांगून फोन लावता आला असता. वेळ होती. संध्याकाळपर्यंत तर नक्की होती.

मी पेजेचा चमचा वाटीत ठेवला. आणि म्हणालो, ‘तीन हाका मारल्या मी, सखू. मढं उठून बसलं असतं.’

का म्हणालो? तिथं कोण होतं ऐकायला? 

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, ‘मग खोटीच निघाली पोर,’ आणि भिंतीकडं तोंड करून पडली. तिसऱ्या दिवशी गेली.

लीना त्या दिवशी चारपासून साडेचारपर्यंत माझ्या शेजारी बसली होती. मी हात लांब केला असता तर तिच्या खांद्याला लागला असता. हाक मारण्याएवढी ती लांब नव्हतीच.